कॅमेरे बसले, जबाबदारी कोणाच्या माथी?

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथील एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. ती नोंदवून घेतली जावी यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठत बसावे लागले. लोकांच्या संतापाचा बांध फुटला आणि २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २१ ऑगस्टला, राज्य शासनाने निर्णय काढला. खासगी शाळांनी महिनाभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, न बसविल्यास अनुदान रोखले जाईल किंवा परवानगी रद्द होईल. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी जिल्हा नियोजनाच्या निधीतून तरतूद करावी. लोकांनी न्याय मागितला होता, शासनाने त्यांच्या हाती उपकरणांची यादी ठेवली.

या घाईगर्दीत एका गोष्टीचा सर्वांनाच सोयीस्कर विसर पडला. बदलापूरच्या त्या शाळेत कॅमेरे होतेच. मागील पंधरा दिवसांचे चित्रण गायब आहे, हे त्या वेळचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले. म्हणजे जिथे कॅमेरा असूनही मुली सुरक्षित राहिल्या नाहीत आणि जिथे नेमके हवे तेच चित्रण मिळाले नाही, त्या ठिकाणच्या अनुभवावरून शासनाने धडा कोणता घेतला? तर कॅमेरा हाच उपाय! आजाऱ्याला औषध लागू पडले नाही म्हणून तेच औषध साऱ्या गावाला पाजावे, असा हा प्रकार झाला.

कडेगावसारख्या तालुक्यातील कार्यकर्त्याला बदलापूर दूरचे वाटणे शक्य आहे. ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी आले, उसाचे फड उभे राहिले, शिक्षणसंस्थांच्या इमारतींवर मजले चढले. या तालुक्याला शिक्षणाचे आणि सहकाराचे महत्त्व कोणी सांगायला नको. परंतु याच सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातील कुरळप येथे, २०१८ साली एका आश्रमशाळेतील मुलींवर होत असलेल्या लैंगिक अत्याचारांचे प्रकरण उजेडात आले आणि आश्रमशाळेच्या संस्थापकालाच अटक झाली. ज्याच्यावर मुलींच्या पालनपोषणाची जबाबदारी, तोच आरोपी. तेव्हा हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांचा नाही. गरिबाची लेकरे जिथे जिथे दुसऱ्याच्या भरवशावर ठेवली जातात, त्या प्रत्येक ठिकाणचा तो प्रश्न आहे. शाळा, वसतिगृह, आश्रमशाळा, बालगृह, अपंगांचे निवासी केंद्र, वृद्धाश्रम ही सारी एकाच साखळीतील नावे आहेत.

तोंड कोणी फोडले?

गेल्या काही वर्षांतील प्रमुख प्रकरणे क्रमाने पाहिली म्हणजे एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. कुरळपच्या प्रकरणाला वाचा फुटली ती पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या एका पत्रामुळे. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण २०१६ च्या नोव्हेंबरात बाहेर आले, कारण दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या एका आदिवासी मुलीने आपले दुखणे आईबापांना सांगितले. पनवेलजवळ कळंबोली येथे बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलींच्या निवासी संस्थेतील भयंकर प्रकार २०११ मध्ये उघड झाले ते उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या चौकशीतून. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरविले. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचे प्रकरण २०१८ मध्ये देशभर गाजले. तेथे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने सामाजिक अंकेक्षण करताना निवासी मुलींशी बोलून जे लिहून ठेवले, त्यातून सारे बाहेर पडले. २०२० च्या जानेवारीत दिल्लीच्या न्यायालयाने त्या गृहाच्या चालकासह अनेकांना दोषी ठरविले. आणि बदलापुरातही पहिला पुरावा कोणता होता? घरच्या माणसांपाशी बोललेले बालिकेचे शब्द.

पत्र, आईबापांशी झालेले बोलणे, समितीची भेट, अंकेक्षकांची टिपणवही, बालिकेचे शब्द. या पाचही ठिकाणी गुन्ह्याला तोंड फोडले ते माणसाने आणि ते ऐकून घेतले तेही दुसऱ्या माणसाने. या यादीत यंत्राचे नाव कोठेही नाही. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. परंतु यंत्र हे तपासाच्या दुसऱ्या टप्प्याचे साधन आहे, पहिल्या टप्प्याचे नव्हे, एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो. जिथे मूल बोलू शकते आणि त्याचे ऐकणारा कोणी आहे, तिथेच कॅमेऱ्याचे चित्रण शोधण्याची वेळ येते. जिथे ऐकणाराच नाही, तिथे ते चित्रण पाहण्याची गरजच कोणाला भासत नाही.

कॅमेऱ्याच्या बाजूने जे सांगता येण्यासारखे आहे तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. नवी मुंबईतील खारघर येथे २०१६ च्या नोव्हेंबरात एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या तान्ह्या मुलीला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली. ते मूल बोलू शकत नव्हते. तेथे कॅमेरा नसता तर गुन्हा सिद्ध करणे महाकठीण झाले असते. ज्या बालकाला वाचा नाही, ज्या वृद्धाची स्मृती गेली आहे, ज्या अपंगाला न्यायालयापुढे नीट साक्ष देता येत नाही, त्यांच्या बाबतीत चित्रणाचे मोल फार मोठे आहे. हे नाकारणे म्हणजे सर्वांत दुर्बल माणसाचे हत्यार काढून घेणे होईल. समाजवाद्याने ते नाकारता कामा नये.

तेव्हा वाद कॅमेरा हवा की नको, असा नाहीच. कॅमेरा कोणाच्या ताब्यात, चित्रण कोणाच्या कुलपात आणि ते गायब झाल्यास शिक्षा कोणाला, हा वाद आहे. शासनाला नेमका हाच वाद टाळायचा आहे.

कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?

या यंत्राचा व्यवहार कार्यकर्त्यांनी समजून घेतला पाहिजे. कॅमेरा जे पाहतो ते डीव्हीआर नावाच्या पेटीतील डिस्कवर साठते. डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसले जाते आणि त्या जागी नवे बसते. डिस्क लहान असेल आणि कॅमेरे अनेक असतील तर पंधरा दिवसांतच मागचे सारे नाहीसे होते. आता बालमनाचा विचार करावा. धाकदपटशाखाली असलेले मूल त्याच संध्याकाळी बोलेल याची खात्री नसते. ते आठवड्यांनी बोलते, महिन्यांनी बोलते, काही वेळा घर सोडून गेलेली मुलगी वर्षानंतर बोलते. तोपर्यंत त्या पेटीत काय उरलेले असणार? म्हणजे पुसण्यासाठी कोणाला कट करण्याचीही गरज नाही. गप्प बसून दिवस घालविले तरी काम भागते.

ही पेटी असते मुख्याध्यापकाच्या किंवा संस्थाचालकाच्या खोलीत. तिचा पासवर्ड संस्थेपाशी, दुरुस्तीचा ठेकेदार संस्थेचा आणि वीजबिल भरणारीही संस्थाच. २०२४ च्या निर्णयाने चित्रण नियमितपणे पाहण्याची जबाबदारीही मुख्याध्यापकांवरच टाकली. ज्या संस्थेच्या कारभाराबद्दल संशय आहे, तिच्याच हाती पुराव्याची किल्ली! गिरणीमालकाला कारखाना-निरीक्षक नेमावे आणि मग कामगारांना सुरक्षिततेची ग्वाही द्यावी, तसे हे झाले.

याचा प्रत्यय साता समुद्रांपलीकडेही आलेला आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे बौद्धिकदृष्ट्या अक्षम माणसांसाठीचे खासगी रुग्णालय होते. दर रुग्णामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सार्वजनिक तिजोरीतून त्या कंपनीला मिळत. तेथील छळाची तक्रार पूर्वी नोकरीत असलेल्या एका परिचारकाने व्यवस्थापनाकडे आणि सरकारी नियामक मंडळाकडे केली; कोणीही दखल घेतली नाही. शेवटी २०११ मध्ये बीबीसीच्या वार्ताहराने नोकर म्हणून आत शिरून, छुपा कॅमेरा घेऊन, सारे जगापुढे आणले. २०१२ मध्ये अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. येथे कॅमेऱ्याने काम केले यात शंका नाही; पण तो कॅमेरा मालकाचा नव्हता. मालकाच्या नजरेआडून तो आत गेला होता. बाहेरच्या माणसाच्या हातातील कॅमेरा पीडिताचा साक्षीदार होतो, मालकाच्या हातातील कॅमेरा मालकाचा नोकर राहतो. आणि त्याहूनही मोठा धडा असा की, परिचारकाची तक्रार वेळीच ऐकली असती तर छुप्या कॅमेऱ्याची गरजच पडली नसती.

न्यायालयाच्या दारात

चित्रण हाती आले तरी मार्ग मोकळा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे विद्युत नोंदीची प्रत पुरावा म्हणून दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने आणि तज्ज्ञानेही त्यावर सही करावयाची असते. प्रतीचा हॅश क्रमांक, म्हणजे त्या संचिकेच्या बोटाचा ठसाच, त्यात नमूद करावा लागतो. हा नियम योग्यच आहे, कारण चित्रणात फेरफार करणे आज अवघड राहिलेले नाही. पण यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तोच सही करायला तयार नसेल तर?

महाराष्ट्राला या प्रश्नाचा अनुभव आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा वाद उभा राहिला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण हाच मुख्य पुरावा होता. पुन्हा पुन्हा अर्ज करूनही अधिकाऱ्यांनी त्याचे प्रमाणपत्र दिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. पण ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले, त्याला अधिकाऱ्याच्या अडवणुकीचा फटका बसू नये, असेही म्हटले. तो वाद होता मातब्बर राजकीय नेत्यांमधला. त्यांच्यापाशी वकिलांची फौज होती, तरीही निकालाला सहा वर्षे लागली. ऊसतोडणीसाठी कडेगावच्या फडात आलेल्या मजुराने आपल्या मुलीसाठी असे प्रमाणपत्र कोणाकडे आणि किती हेलपाटे घालून मागावे?

पोलिसांनी चित्रण वेळेवर जप्त केले नाही की काय होते, हेही न्यायालयांनी दाखवून दिले आहे. वाराणसीच्या हॉटेलातील एका मृत्यूच्या खटल्यात हॉटेलात कॅमेरे असूनही चित्रण न्यायालयापुढे आणले गेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ही त्रुटी गंभीर मानली आणि दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. उत्तम पुरावा हाताशी असता तो रोखून धरला तर त्याचा अर्थ रोखणाऱ्याच्या विरुद्ध लावता येतो, हे साक्षीच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. या तत्त्वाची दुसरी बाजू मात्र अजून कोणी नेटाने मांडलेली नाही. शाळेतील चित्रण गायब झाले, तर त्याचा फटका खटल्यात पोलिसांना आणि अंतिमतः मुलीला बसतो. संस्थेला बसत नाही. चित्रण गायब होण्याचा लाभ ज्याला, त्याच्याच माथी त्याची जबाबदारी आली पाहिजे.

पोलिसांवर कोणाचा डोळा?

तपास करणाऱ्या यंत्रणेकडे आता वळावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला लोक पोक्सो म्हणतात, २०१२ चा आहे. अपराधाची माहिती असूनही ती न कळविणे हा त्यात गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, असे कायदा सांगतो. कायदा एवढा स्पष्ट असताना बदलापुरात पालकांना तिष्ठत बसावे लागले. तो वेळ कॅमेऱ्याअभावी गेला नव्हता. गरिबाची तक्रार म्हणजे ठाण्याची डोकेदुखी आणि संस्थाचालकाची अब्रू म्हणजे गावाची अब्रू, ही जी जुनी सरंजामी वृत्ती खाकी कपड्यात मुरली आहे, तिच्यापायी तो गेला.

पुढे जे घडले ते अधिकच चिंताजनक आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी त्या प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीने मारला गेला. अनेकांनी पेढे वाटले, ‘तत्काळ न्याय’ म्हणून फलक लागले. उच्च न्यायालयापुढे जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने मात्र पाच पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरले. आरोपीबद्दल कोणालाही सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. पण खटला उभा राहिला असता तर साक्षी झाल्या असत्या, उलटतपासण्या झाल्या असत्या, कोणाला काय ठाऊक होते आणि चित्रण कोठे गेले हे भर न्यायालयात विचारले गेले असते. गोळीने हे प्रश्न त्याच्याबरोबर पुरले. ज्यांना उत्तरे द्यावी लागली असती त्यांची सुटका झाली. अशा ‘न्याया’वर टाळ्या वाजविणाऱ्याने टाळ्या कोणासाठी वाजविल्या हे एकदा तपासून पाहावे.

पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांची कथा याच प्रकरणाची दुसरी बाजू आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीपासून दारापर्यंत कोणताही भाग न वगळता, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. चित्रण अठरा महिने, आणि तशी यंत्रे मिळत नसतील तर किमान एक वर्ष, जपावे असे सांगितले. त्या आदेशाच्या पालनाची दुर्दशा अशी की, २०२५ च्या सप्टेंबरात कोठडीमृत्यूंच्या बातमीवरून न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. सांगलीकरांना याचे मोल निराळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला, त्याचे प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आले आणि आरोपी पळून गेल्याचा बनाव रचण्यात आला, असा आरोप खुद्द पोलिसांवरच ठेवला गेला आणि पोलिसांनाच अटक झाली. शाळांना महिन्याची मुदत देणाऱ्या शासनाने स्वतःच्या पोलीस ठाण्यांना किती वर्षांची मुदत दिली आहे? शिक्षक, शिपाई आणि आया यांच्या डोक्यावर डोळा ठेवण्याची घाई, आणि अधिकाऱ्यांच्या डोक्यावर डोळा येताच यंत्रे नादुरुस्त, हा योगायोग म्हणावयाचा काय?

यंत्राला पैसा, माणसाला नाही

या साऱ्यामागे एक अर्थकारण आहे आणि ते समजून घेतल्याखेरीज शासनाची कॅमेऱ्यांवरील भक्ती उमजत नाही. कॅमेरा हा भांडवली खर्च आहे. तो एकदा करावयाचा. त्याची निविदा निघते, ठेकेदार मिळतो, फीत कापता येते, आकडा विधिमंडळात सांगता येतो. वसतिगृहातील कायम नोकरीची स्त्री अधीक्षक, रात्रपाळीची परिचारिका, समुपदेशक, बालकल्याण समितीचे पूर्ण वेळ काम करणारे कार्यालय हा सारा आवर्ती खर्च आहे. तो दरमहा करावा लागतो, त्याला निवृत्तिवेतन लागते, आणि तो माणूस उद्या संघटना करून हक्क मागू शकतो. गेल्या तीस वर्षांच्या अर्थनीतीने असा खर्च म्हणजे पाप, हे तत्त्वज्ञान राज्यकर्त्यांच्या गळी उतरविले आहे. म्हणून पदे रिकामी राहतात, ठेकेदारांमार्फत माणसे घेतली जातात, आणि मग ती पोकळी भरून काढण्यासाठी भिंतीवर काचेचा डोळा लावला जातो.

बदलापूरच्या प्रकरणातील आरोपी हा ठेकेदारामार्फत, घटनेच्या अवघे काही दिवस आधी, ऑगस्टच्या आरंभी कामावर आलेला सफाई कामगार होता. ठेकेदारी पद्धतीत माणसाची पूर्वपीठिका कोण तपासतो? ठेकेदार म्हणतो शाळेने तपासावी, शाळा म्हणते ठेकेदाराने. कायम नोकरीच्या माणसाला गाव ओळखते, त्यालाही गावाची भीड असते. ठेक्यावरचा माणूस आज येथे तर उद्या तेथे. त्याला ना हक्क, ना बांधिलकी. हे लिहिताना ठेका कामगार म्हणजे गुन्हेगार असे सुचविण्याचा हेतू मुळीच नाही; बहुतेक तेच सर्वांत अधिक पिळले जातात. दोष त्या पद्धतीचा आहे. तरीही ती पद्धत शासन आश्रमशाळांतच नेऊन घालते. २०२५ मध्ये आदिवासी आश्रमशाळांतील शिक्षकांची पदे बाह्यस्रोतातून भरण्याचा निर्णय झाला तेव्हा रोजंदारीवर वर्षानुवर्षे राबलेल्या शिक्षकांना नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर ठाण मांडून बसावे लागले. एका हाताने मुलांभोवतालची ओळखीची माणसे काढून टाकायची आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा बसवायचा, यालाच बालसुरक्षा म्हणतात!

खारघरचा कॅमेरा आयेवर होता. कॅमेऱ्याचा डोळा सहसा खालीच पाहतो. आयेचा हात त्याला दिसतो. एका आयेच्या अंगावर किती मुले टाकली, तिला पगार किती दिला, प्रशिक्षण दिले की नाही, हे ठरविणारा मालकाचा हात त्याच्या टापूत येत नाही. गुन्हा करणाऱ्या आयेला शिक्षा झालीच पाहिजे. पण तिच्यापाशीच न्याय थांबला, तर उद्या तिच्या जागी दुसरी येईल आणि पाळणाघर पूर्वीसारखेच चालेल.

आणखी एक धोका आहे. अत्याचार घडतात ते बहुधा स्वच्छतागृहात, शयनगृहात, कोठीच्या खोलीत. तेथे कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. मुलींच्या देहाचे चित्रण कोणाच्या तरी पेटीत साठविणे हाच एक नवा अत्याचार ठरेल. मग कॅमेरा लागतो कोठे? व्हरांड्यात, फाटकावर आणि वर्गात. तो गुन्ह्याची जागा पाहत नाही. शिक्षक वर्गात काय बोलतो, कोण कोणाशी उभे राहून बोलतो, संपाच्या दिवशी फाटकापाशी कोण जमले, हे मात्र नेमके पाहतो. संरक्षणाच्या नावाने आलेले यंत्र अंमल गाजविण्याचे यंत्र होण्यास वेळ लागत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

टीका करून थांबणे हे या पक्षाच्या परंपरेला शोभणारे नाही. कडेगाव तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या हाती आजच्या आज करता येण्याजोगी पुष्कळ कामे आहेत आणि त्यांतील बहुतेकांना कायद्याचा आधार आहे.

पहिले काम, शाळा व्यवस्थापन समित्या जिवंत करण्याचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आज कित्येक गावांत ही समिती कागदावरच असते; सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्यास सांगितले, त्यांचीही तीच गत. कार्यकर्त्यांनी प्रत्येक शाळेत जाऊन विचारावे: समितीची शेवटची बैठक कधी झाली? तक्रारपेटी कोण उघडतो? मुख्याध्यापकच ती उघडत असेल तर ती पेटी नव्हे, विहीर आहे.

दुसरे काम, निवासी संस्थांच्या तपासणीचा हिशेब मागण्याचे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे बालगृहांची तपासणी दर तीन महिन्यांनी किमान तिघांच्या पथकाने करावयाची असते. त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. सांगली जिल्ह्यात या तपासण्या किती झाल्या, अहवाल कोठे आहेत, तपासणीच्या वेळी मुलांशी संस्थाचालकाच्या गैरहजेरीत बोलले गेले काय, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. आश्रमशाळा आणि वृद्धाश्रम यांनाही अशीच नियतकालिक आणि स्वतंत्र तपासणी लागू करावी, ही मागणी पक्षाने विधिमंडळात लावून धरावी.

तिसरे काम, चित्रणाच्या मालकीसंबंधीची मागणी स्पष्ट शब्दांत पुढे ठेवण्याचे. कॅमेरा बसलाच आहे तर त्याची प्रत संस्थेबाहेर, जिल्हा पातळीवरील स्वतंत्र यंत्रणेपाशी राहिली पाहिजे आणि ही यंत्रणा पोलिसांच्याही अधीन नको. चित्रण कोणी, कधी, कशासाठी पाहिले याची नोंद व्हावी. पोलीस ठाण्यांसाठी न्यायालयाने अठरा महिन्यांची मुदत ठरविली; निवासी संस्थांसाठी त्याहून कमी मुदत का असावी? आणि तक्रार आल्यावर चित्रण मिळाले नाही, तर ते का मिळाले नाही हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर टाकणारी तरतूद कायद्यात आली पाहिजे.

चौथे काम, तक्रारीच्या दिवशी पालकांसोबत पोलीस ठाण्यात जाऊन उभे राहण्याचे. गुन्हा ताबडतोब नोंदविला जावा, स्त्री अधिकारी यावी, त्याच दिवशी पंचनामा करून डीव्हीआर जप्त व्हावा, हॅश क्रमांक पंचांसमक्ष नोंदला जावा, हे सारे अडाणी समजल्या जाणाऱ्या बापालाही मागता येते, त्याच्या शेजारी चार जाणती माणसे असली म्हणजे. मुलीचे नाव, गाव, छायाचित्र कोणाच्या मोबाइलवरून फिरू नये याचीही जबाबदारी याच माणसांची. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि माणुसकीच्या दृष्टीने त्याहून मोठा.

पाचवे काम, कायम पदांसाठी लढण्याचे. मुलींच्या प्रत्येक वसतिगृहाला आणि आश्रमशाळेला कायम नोकरीची स्त्री अधीक्षक मिळालीच पाहिजे. कॅमेऱ्यांसाठी निधी मिळतो, तो अधीक्षकाच्या पगारासाठी का मिळू नये, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत विचारला गेला पाहिजे.

कडेगावची भूमी प्रतिसरकारच्या मुलखातली आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साताऱ्याच्या या पट्ट्यात गावोगाव न्यायदान मंडळे उभी केली. त्यांच्या साऱ्या पद्धती आज स्वीकारता येतील असे नाही, काही शिक्षा तर कठोर होत्या. पण एक गोष्ट त्यांनी सिद्ध केली. सरकारी कचेरी ज्याचे ऐकत नव्हती त्या गरिबाला, त्या अबलेला, गावासमोर उभे राहून सावकाराविरुद्ध आणि गावगुंडाविरुद्ध बोलण्याचे बळ मिळाले, कारण तिचे ऐकून घेणारी आणि तिच्या पाठीशी उभी राहणारी संघटित माणसे तेथे होती. त्या वेळी गावात वीजही नव्हती.

आज वीज आहे, तारा आहेत, कॅमेरे आहेत. नाही ती पाठीशी उभी राहणारी माणसे. ती यंत्राच्या दुकानात विकत मिळत नाहीत, निविदा काढून मागविता येत नाहीत. ती घडवावी लागतात, आणि तेच पक्षाचे काम आहे. कुरळपच्या मुलींना आपले गाऱ्हाणे कागदावर उतरून पोलिसांपर्यंत पोहोचेतो किती दिवस वाट पाहावी लागली असेल, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा. पुढच्या मुलीवर पत्र लिहिण्याची पाळी येऊ नये. तिला गावातच, तिच्या हाकेच्या अंतरावर, निर्भयपणे सांगता येईल असे एक तरी दार उघडे असले पाहिजे. ते दार उघडे ठेवण्याची जबाबदारी शासन घेत नसेल तर ती त्याला घ्यावयास लावणे, आणि तोवर ती स्वतःच्या शिरावर घेणे, एवढेच आज करावयाचे आहे. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.